वालचंदांची आगबोट

कोयना नदीचे अडविलेले पाणी सह्याद्रीच्या पोटातून कोकणात उतरते, पोफळीची जनित्रे फिरविते आणि अलोरे येथे पुन्हा एकदा वीज देऊन वाशिष्ठीस मिळते. वाशिष्ठी चिपळूणवरून वाहत जाऊन दाभोळजवळ समुद्राला भेटते. ज्या कंपनीने कोयनेचे धरण बांधले आणि ज्या कंपनीच्या आगबोटी एके काळी हर्णै, दाभोळ, जयगड या बंदरांतून उतारूंची ने-आण करीत, त्या दोन्ही कंपन्यांच्या उभारणीमागे एकच पुरुष होता. त्याचे नाव वालचंद हिराचंद.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे एका व्यापारी जैन कुटुंबात झाला. जन्मानंतर थोड्याच दिवसांत त्यांची आई वारली. पुढे त्यांचे शिक्षण मुंबईस व पुण्यास झाले. परंतु पदवीपर्यंत ते पोहोचले नाहीत. घरचा धंदा सावकारीचा व कापसाचा. त्यात त्यांचे मन रमेना. लक्ष्मणराव फाटक नावाच्या गृहस्थांशी भागीदारी करून त्यांनी बार्शी लाइट रेल्वेच्या कामाचे कंत्राट घेतले. सावकाराच्या मुलाने खडी आणि मजूर यांच्या मागे उन्हातान्हात हिंडावे, हे त्या काळी अनेकांना चमत्कारिक वाटले असेल. पण या उद्योगात त्यांचा जम बसला. पुढे बोरघाटातील रेल्वेच्या बोगद्यांचे अवघड कामही त्यांच्या हातून पार पडले.

इ. स. १९१९ च्या आरंभी वालचंद दिल्लीहून मुंबईस येत होते. आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाकडून त्यांना असे समजले, की ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांची एक मोठी आगबोट विकाऊ आहे. बोटीचे नाव ‘लॉयल्टी’. एवढे ऐकताच वालचंदांच्या मनाने ठाव घेतला. त्या वेळी हिंदुस्थानचा बहुतेक सर्व सागरी व्यापार इंग्रज कंपन्यांच्या हाती होता. माल आपला, उतारू आपले, बंदरे आपली. पण बोट मात्र परक्याची! देशी माणसांनी काढलेल्या कित्येक बोट कंपन्या पूर्वी बुडाल्या होत्या. हे वालचंदांना ठाऊक नव्हते असे नाही.

या बोटीचा पूर्वेतिहास मोठा मनोरंजक आहे. ती इंग्लंडात बांधलेली होती. तेव्हा तिचे नाव ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ असे होते. पांढरे शुभ्र अंग, दोन धुराडी आणि तीन डोलकाठ्या असलेली ही डौलदार बोट १८९१ पासून हाँगकाँग, योकोहामा व कॅनडातील व्हँकुव्हर या बंदरांमध्ये ये-जा करीत असे. उत्तर पॅसिफिक महासागर ओलांडला, की प्रवाशांना किनाऱ्यामागे उभे असलेले बर्फाच्छादित पर्वत दिसू लागत. व्हँकुव्हरच्या उत्तरेस समुद्राची लांब, निरुंद बोटे आपल्या खाड्यांप्रमाणेच डोंगरांत शिरलेली आहेत. आणखी वर, अलास्कात, हिमनद्या थेट समुद्रापर्यंत उतरतात. त्यांचे कडे कोसळतात आणि बर्फाचे डोंगर पाण्यावर तरंगू लागतात. ते दृश्य पाहण्यासाठी आजही दर उन्हाळ्यात व्हँकुव्हरहून प्रवासी बोटी निघतात. १८९३ च्या जुलै महिन्यात स्वामी विवेकानंद याच ‘एम्प्रेस’ बोटीने व्हँकुव्हरला उतरले होते. अंगावर पुरेसे उबदार कपडे नसल्यामुळे ऐन उन्हाळ्यातही त्या उत्तरेच्या समुद्रावर ते थंडीने काकडले. पुढे महायुद्ध सुरू झाले, तेव्हा शिंदे महाराजांनी ती बोट विकत घेऊन जखमी सैनिकांसाठी तिच्यावर रुग्णालय उघडले. ‘लॉयल्टी’ हे नाव तिला तेव्हाच मिळाले.

नरोत्तम मोरारजी आदी व्यापाऱ्यांच्या सहकार्याने वालचंदांनी ही बोट घेतली आणि शिंदे महाराजांच्या नावावरून नव्या कंपनीचे नाव ‘सिंदिया’ असे ठेवले. ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघाली. स्वतः वालचंदही तिच्यावर होते. याच दिवसाच्या स्मरणार्थ १९६४ पासून आपल्या देशात राष्ट्रीय सागरी दिन पाळला जातो.

इतका गाजलेला हा प्रवास व्यवहारात मात्र तोट्याचाच ठरला. बोट जुनी होती. तिचा खर्च झेपेना. दोनच वर्षांत ती मुंबईत नांगरून ठेवावी लागली आणि १९२३ मध्ये मोडीत निघाली. वालचंदांनी या खरेदीत घाई केली, असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते.

परंतु कंपनी बुडाली नाही. तिने मालवाहू बोटी घेतल्या होत्या. त्यांना धंदा मिळू नये म्हणून बलाढ्य इंग्रज कंपनीने आपले भाडे इतके उतरविले, की नव्या कंपनीचा श्वास कोंडला. अखेर १९२३ मध्ये तह झाला. त्यानुसार दहा वर्षे ‘सिंदिया’ने हिंदुस्थान व ब्रह्मदेश यांच्या किनाऱ्यापुरतेच राहावयाचे होते. परदेशचा समुद्र तिला बंद झाला. हा करार वालचंदांना फार जाचला. तरी किनारा तर हाती राहिला! १९३९ मध्ये कोकणच्या उतारूंची वाहतूक करणारी बोट कंपनीही ‘सिंदिया’कडे आली.

आता वालचंदांना बोटी विकत घेण्यापेक्षा त्या येथेच बांधावयाच्या होत्या. कलकत्त्यास त्यांना जागा मिळाली नाही. तेव्हा त्यांनी विशाखापट्टणम निवडले. १९४१ मध्ये डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथे कोनशिला बसली. पुढच्याच वर्षी त्या बंदरावर जपानी विमानांनी बाँब टाकले आणि यंत्रसामग्री काही काळ मुंबईस हलवावी लागली. युद्ध संपल्यावर काम पुन्हा सुरू झाले. १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते ‘जलउषा’ ही आठ हजार टनांची बोट पाण्यात लोटण्यात आली. विमाने, मोटारी आणि साखर यांचे कारखानेही वालचंदांनी उभारले. इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर त्यांचेच नाव सांगते.

पुढे आजाराने त्यांना कामातून निवृत्त व्हावे लागले. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. कोयनेच्या धरणाचे काम त्यांच्या कंपनीने त्यानंतर हाती घेतले.