विश्लेषण : टॉनिक वॉटर अंधारात निळे का चमकते? हे कोडे सोडवणारे जॉर्ज स्टोक्स कोण होते?

शाळांची विज्ञान प्रदर्शने जवळ आली की ‘अंधारात चमकणारा द्रव घरीच बनवा’ अशा चित्रफिती मोबाइलवर फिरू लागतात. शीतपेयात बेकिंग सोडा आणि हायड्रोजन पेरॉक्साइड घालून बाटली हलवली की ती दिव्यासारखी उजळते, असे त्यात दाखवले जाते. प्रत्यक्षात या मिश्रणातून प्रकाश निघत नाही. मात्र टॉनिक वॉटर आणि नोटा तपासायची यूव्ही टॉर्च यांच्या मदतीने होणारा निळ्या चमकेचा प्रयोग खरा आहे. त्यामागचे कारण सर जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांनी १८५२ मध्ये उलगडले.

स्टोक्स यांची जडणघडण कशी झाली?

स्टोक्स यांचा जन्म १३ ऑगस्ट १८१९ रोजी आयर्लंडमधील स्लायगो परगण्यातल्या एका खेड्यात झाला. वडील चर्चमध्ये धर्मोपदेशक. भावंडांत जॉर्ज सर्वांत धाकटे. डब्लिन आणि ब्रिस्टल येथे शिकून ते केंब्रिजच्या पेम्ब्रोक कॉलेजात दाखल झाले आणि १८४१ मध्ये गणिताच्या परीक्षेत विद्यापीठात पहिले आले. वयाच्या तिसाव्या वर्षी, १८४९ मध्ये, त्यांना ल्युकेशियन प्राध्यापकपद मिळाले. कधीकाळी न्यूटन यांनी भूषवलेले हे पद स्टोक्स यांच्याकडे अखेरपर्यंत, म्हणजे ५४ वर्षे होते. पदाचा मान मोठा, पण वेतन तुटपुंजे. त्यामुळे काही वर्षे त्यांना लंडनमध्येही शिकवावे लागले.

क्विनाइनचे कोडे काय होते?

क्विनाइन हे सिंकोना झाडाच्या सालीपासून मिळणारे मलेरियावरील औषध. त्याचे द्रावण पाण्यासारखे स्वच्छ दिसते, पण उन्हात धरले की पृष्ठभागाजवळ निळसर झाक उमटते. खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी १८४५ मध्ये याची नोंद केली. एकदा या द्रावणातून गेलेला प्रकाश दुसऱ्या भांड्यातील द्रावणात ती झाक उमटवू शकत नाही, हेही त्यांच्या लक्षात आले. पहिल्या भांड्यात प्रकाशातले नेमके काय नाहीसे झाले, हा प्रश्न उरला.

स्टोक्स यांनी तो कसा सोडवला?

त्यांनी अंधाऱ्या खोलीत फटीतून सूर्यप्रकाश घेतला आणि लोलकाने त्याचा वर्णपट पाडला. मग क्विनाइनची परीक्षानळी लाल रंगापासून जांभळ्याकडे सरकवत नेली. बहुतेक रंगांत काहीच घडले नाही. जांभळ्याच्या टोकाशी आणि त्याही पलीकडे, जिथे डोळ्यांना केवळ अंधार दिसत होता, तिथे नळी निळी उजळली. क्विनाइन न दिसणारे अतिनील किरण शोषते आणि दिसणारा निळा प्रकाश बाहेर टाकते, हे त्यातून स्पष्ट झाले.

शोषलेल्या ऊर्जेचा काही भाग रेणूतच उष्णतेच्या रूपाने खर्च होतो. म्हणून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाची ऊर्जा कमी आणि तरंगलांबी जास्त असते. क्विनाइन साधारण ३५० नॅनोमीटरचे किरण शोषते आणि ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश देते. या फरकाला आज ‘स्टोक्स शिफ्ट’ म्हणतात. फ्लोरस्पार या खनिजावरून ‘फ्लुरोसन्स’ हा शब्दही स्टोक्स यांनीच घडवला. मराठीत त्याला प्रतिदीप्ती म्हणतात. या कामासाठी त्यांना १८५२ मध्ये रॉयल सोसायटीचे रम्फर्ड पदक मिळाले.

मग मोठे शोध हातून का निसटले?

१८५४ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सचिव झाले आणि ३१ वर्षे त्या पदावर राहिले. इतरांचे शोधनिबंध वाचणे, चुका दाखवणे, पत्रांना उत्तरे देणे यात त्यांचा बराच वेळ गेला. सूर्याच्या वर्णपटातील काळ्या रेषांचे कारण त्यांनी केल्व्हिन यांना गप्पांच्या ओघात सांगितले होते, पण प्रसिद्ध केले नाही. पुढे किर्खहोफ यांनी ते स्वतंत्रपणे मांडले. केल्व्हिन यांनी आग्रह धरूनही स्टोक्स यांनी त्या श्रेयावर हक्क सांगितला नाही.

१८५७ मध्ये मेरी रॉबिन्सन यांच्याशी लग्न केल्यामुळे तेव्हाच्या नियमानुसार त्यांना कॉलेजची फेलोशिप सोडावी लागली. नियम बदलल्यावर १२ वर्षांनी ती परत मिळाली. त्यांच्या पाच अपत्यांपैकी दोन मुली तान्हेपणीच गेल्या. पुढे ते रॉयल सोसायटीचे अध्यक्ष आणि खासदारही झाले. १ फेब्रुवारी १९०३ रोजी केंब्रिज येथे त्यांचे निधन झाले.

हा प्रयोग घरी करता येतो का?

येतो. बाटलीवरील घटकांत क्विनाइन आहे ना, हे आधी पाहावे. पारदर्शक पेल्यात टॉनिक वॉटर ओतून अंधाऱ्या खोलीत बाजूने यूव्ही टॉर्च मारावी. टॉर्च कुणाच्याही डोळ्यांवर येऊ देऊ नये. नंतर चमचाभर मीठ विरघळवावे, चमक मंदावते. मिठातील क्लोराइड क्विनाइनची प्रतिदीप्ती दाबते, आणि क्विनाइनवरील हा परिणाम स्टोक्स यांनीही अभ्यासला होता. चमकत्या कांड्या फोडून आतला द्रव काढण्याचे प्रकार मात्र टाळावेत. त्यातील रसायने डोळ्यांना आणि त्वचेला त्रासदायक असतात, शिवाय आतली काच लागू शकते.

आज त्याचा उपयोग कुठे होतो?

ट्यूबलाइटमधील पाऱ्याच्या वाफेतून निघणाऱ्या अतिनील किरणांचे रूपांतर नळीच्या आतला लेप पांढऱ्या प्रकाशात करतो. नोटांवरील क्रमांक यूव्ही दिव्याखाली उजळतात, तेही याच तत्त्वाने. प्रकल्पाच्या वहीत मुलांनी एक निरीक्षण आवर्जून लिहावे: टॉर्च बंद करताच पेल्यातली चमकही विझते. टॉनिक वॉटर स्वतः प्रकाश तयार करत नाही. बाहेरून आलेला न दिसणारा प्रकाश ते दिसणारा करून परत देते.