विश्लेषण : नेमबाजीत अव्वल, युद्धात अडेल… सर चार्ल्स रॉस यांच्या रायफलीचा बोल्ट का अडकत होता?

पहिल्या महायुद्धात कॅनडाचे हजारो सैनिक स्वदेशी बनावटीची ‘रॉस’ रायफल घेऊन युरोपात उतरले. नेमबाजीच्या मैदानावर ही रायफल अचूकतेसाठी नावाजलेली होती. मात्र एप्रिल १९१५ मध्ये बेल्जियममधील ईप्रच्या लढाईत तिचा बोल्ट घट्ट बसू लागला. समोरून जर्मन सैन्य चालून येत असताना सैनिकांना बुटाच्या लाथा मारून तो उघडावा लागला. ही रायफल घडवणारे सर चार्ल्स रॉस कोण होते आणि त्यांचे गणित कुठे चुकले, हे जाणून घेऊया.

कोण होते चार्ल्स रॉस?

रॉस यांचा जन्म १८७२ मध्ये स्कॉटलंडमधील बड्या जमीनदार घराण्यात झाला. वडील लवकर गेल्याने बॅल्नागाउनची विस्तीर्ण जहागीर आणि ‘सर’ हा वंशपरंपरागत किताब त्यांना लहानपणीच मिळाला. ईटन आणि केंब्रिजमध्ये शिक्षण झाले, तरी त्यांचा ओढा यंत्रांकडे होता. विशीतच त्यांनी रायफलीच्या रचनेचे पेटंट मिळवले. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील सुरुवातीच्या जलविद्युत प्रकल्पांपैकी एकामागेही त्यांचे भांडवल होते.

कॅनडाने त्यांची रायफल का निवडली?

दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धाच्या काळात कॅनडाला ब्रिटनकडून पुरेशा ली-एनफिल्ड रायफली मिळाल्या नाहीत. कॅनडात त्यांचा कारखाना काढण्यासही ब्रिटिश उत्पादक तयार झाले नाहीत. अशा वेळी रॉस यांनी स्वखर्चाने कारखाना उभारण्याची तयारी दाखवली. सरकारने होकार दिला आणि क्वेबेक शहरात उत्पादन सुरू झाले. पहिल्या एक हजार रायफली माउंटेड पोलिसांना मिळाल्या. तपासणीत त्यांत शंभराहून अधिक दोष आढळले आणि १९०६ मध्ये पोलीस पुन्हा जुन्या शस्त्रांकडे वळले. रॉस सुधारणा करत राहिले. १९१० च्या सुमारास ‘मार्क थ्री’ आली आणि याच सुमारास ब्रिटनमधील बिस्ली येथील स्पर्धांत रॉस रायफली बक्षिसे जिंकू लागल्या.

‘स्ट्रेट-पुल’ म्हणजे काय?

आपल्याकडे पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षे दिसलेली ‘थ्री-नॉट-थ्री’ ही ली-एनफिल्ड घराण्यातली. तिच्या बोल्टची मूठ आधी वर फिरवायची, मग मागे ओढायची. रॉस यांच्या रायफलीत मूठ फिरवावी लागत नसे. ती सरळ मागे ओढली की आतील सर्पिल खाचांमुळे बोल्टचे डोके आपोआप फिरे आणि कुलूप सुटे. हालचाली कमी झाल्याने वेग वाढे. पण याची किंमतही होती. मूठ वर फिरवताना मिळणारा जोर चेंबरमध्ये घट्ट बसलेली रिकामी पुंगळी सैल करतो. रॉसमध्ये हा जोर कमी मिळत असे.

ईप्रमध्ये काय घडले?

२२ एप्रिल १९१५ रोजी जर्मनीने ईप्रजवळ क्लोरीन वायू सोडला. शेजारची फ्रेंच आघाडी कोसळली आणि कॅनडाच्या पहिल्या डिव्हिजनवर भार आला. गोळीबार वाढला, रायफली तापल्या आणि बोल्ट अडकू लागले. मिळेल तिथे सैनिकांनी मृत ब्रिटिश सैनिकांच्या ली-एनफिल्ड उचलल्या. लढाईतून वाचलेल्या सुमारे पाच हजार जणांपैकी १,४५२ जणांनी रॉस टाकून दिल्याचे नंतर दिसून आले. या लढाईत डिव्हिजनचे सुमारे सहा हजार सैनिक मृत, जखमी वा बंदी झाले.

बोल्ट नेमका का अडकत होता?

पहिले कारण काडतुसांचे. प्रत्येक भागाच्या मापात किती फरक चालेल याची मर्यादा ठरलेली असते, तिला ‘टॉलरन्स’ म्हणतात. अचूकतेसाठी रॉसचे चेंबर तंग ठेवले होते आणि कॅनडात बनलेली काडतुसे त्यात नीट बसत. युद्धात मात्र ब्रिटिश कारखान्यांतून घाईने बनलेली काडतुसे मिळू लागली आणि त्यांची मापे कमी-जास्त होती. गोळी सुटताना पितळी पुंगळी फुगते. तंग, तापलेल्या चेंबरमध्ये ती चिकटून बसे. ली-एनफिल्डचे चेंबर ऐसपैस असल्याने तीच काडतुसे तिच्यात चालून जात.

दुसरे कारण बोल्टमध्येच दडले होते. मार्क थ्रीचा बोल्ट जोरात मागे ओढला की त्याच्या डोक्यावरचा एक आटा ‘बोल्ट स्टॉप’ या छोट्या अडथळ्यावर आदळे. वारंवार आदळून आट्याची कड चेपली जाई आणि मग चांगले काडतूस असूनही बोल्ट जड चाले. म्हणजे पुंगळी चिकटली की सैनिक जोर लावणार आणि त्या जोरानेच आटा चेपणार! खंदकातील चिखलाने त्यात भर घातली.

एका कंपनीच्या यंत्रात दुसऱ्या कंपनीचा सुटा भाग बसवला की अनेकदा हाच अनुभव येतो. दोन्ही भाग आपापल्या जागी ठीक असतात, पण एकमेकांशी जुळतात की नाही हे कोणी तपासलेले नसते.

दोष मान्य का झाला नाही?

रॉस आणि कॅनडाचे संरक्षण खाते सांभाळणारे सॅम ह्यूज यांनी खापर ब्रिटिश काडतुसांवर फोडले. ते अर्धसत्य होते आणि त्यामुळेच घातक ठरले. काडतुसांकडे बोट दाखवता येत असल्याने बोल्ट स्टॉपकडे उशिरा लक्ष गेले. कॅनडाच्या सैन्याचे सेनापती ऑल्डरसन यांनी रायफलीविरुद्ध भूमिका घेतली. १९१६ मध्ये त्यांना पद सोडावे लागले, त्यामागे हा वादही होता.

पुढे चेंबर रुंद करण्यात आले आणि बोल्ट स्टॉपही मोठा केला गेला. तोवर सैनिकांचा विश्वास उडाला होता. पहिल्या डिव्हिजनला १९१५ मध्येच, तर इतरांना १९१६ मध्ये ली-एनफिल्ड देण्यात आल्या.

पुढे रॉस यांचे काय झाले?

१९१७ मध्ये कॅनडा सरकारने क्वेबेकचा कारखाना ताब्यात घेतला. नंतर रॉस यांना २० लाख डॉलर भरपाई मिळाली. गंमत म्हणजे स्नायपरनी ही रायफल शेवटपर्यंत सोडली नाही. मोजक्याच गोळ्या, तपासून घेतलेली काडतुसे आणि स्वच्छ ठेवलेला बोल्ट असला की तिचा नेम उत्तम लागे. १९४० मध्ये शस्त्रटंचाईमुळे ब्रिटनच्या होम गार्डच्या हाती पुन्हा रॉस रायफली आल्या. त्यानंतर दोन वर्षांनी, १९४२ मध्ये, वयाच्या ७० व्या वर्षी रॉस यांचे अमेरिकेतील फ्लोरिडात निधन झाले.