फ्लॉरेन्स नाइटिंगेल

फ्लॉरेन्स नाइटिंगेल (१२ मे, १८२० - १३ ऑगस्ट, १९१०) या ब्रिटिश परिचारिका, समाजसुधारक आणि संख्याशास्त्रज्ञ होत्या. आधुनिक परिचर्याशास्त्राच्या संस्थापक म्हणून त्या सर्वपरिचित आहेत. क्रिमियन युद्धात रात्री हातात दिवा घेऊन जखमी सैनिकांची विचारपूस करणारी परिचारिका अशी त्यांची प्रतिमा जगभर रूढ झाली. मात्र त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग रुग्णशय्येजवळ नव्हे, तर आजार व मृत्यू यांच्या नोंदी तपासण्यात गेला. भारतातील सैन्याच्या आणि पुढे सामान्य जनतेच्या आरोग्यविषयक माहितीची पाहणी करून ती सुधारण्यासाठी त्यांनी सुमारे चार दशके काम केले. त्या भारतात कधीही आल्या नाहीत.

सुरुवातीचे जीवन

नाइटिंगेल यांचा जन्म इटलीतील फ्लॉरेन्स येथे एका सधन इंग्रज कुटुंबात झाला. जन्मगावावरूनच त्यांचे नाव ठेवण्यात आले. वडील विल्यम एडवर्ड नाइटिंगेल यांनी दोन्ही मुलींना घरीच भाषा, इतिहास व तत्त्वज्ञान शिकवले. फ्लॉरेन्स यांना लहानपणापासून गणिताची ओढ होती. वस्तूंच्या याद्या व तक्ते करण्याची सवयही त्यांना होती. परिचारिका होण्याच्या त्यांच्या इच्छेला कुटुंबाचा तीव्र विरोध होता, कारण त्या काळी हे काम प्रतिष्ठित घरातील स्त्रीला शोभणारे मानले जात नसे. १८५१ मध्ये त्यांनी जर्मनीतील कैसर्सवेर्थ येथे प्रशिक्षण घेतले आणि १८५३ मध्ये लंडनमधील स्त्रियांच्या एका लहान रुग्णालयाच्या अधीक्षक म्हणून काम सुरू केले.

क्रिमियन युद्ध आणि नोंदींचा प्रश्न

ऑक्टोबर १८५४ मध्ये युद्धखात्याचे मंत्री सिडनी हर्बर्ट यांच्या विनंतीवरून नाइटिंगेल ३८ परिचारिकांसह तुर्कस्तानकडे निघाल्या. स्कुटारी येथील लष्करी रुग्णालयात गर्दी, घाण, तुंबलेली गटारे आणि औषधांची टंचाई होती. जखमांपेक्षा हगवण, ताप व पटकी यांनी मरणाऱ्या सैनिकांची संख्या कितीतरी अधिक होती. फेब्रुवारी १८५५ मध्ये दाखल रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण सुमारे ४२ टक्क्यांवर गेले होते. मार्चमध्ये आलेल्या स्वच्छता आयोगाने गटारे साफ केली व हवा खेळती राहण्याची व्यवस्था केली. त्यानंतर जूनपर्यंत हे प्रमाण सुमारे २ टक्क्यांवर आले.

या काळात त्यांना दुसरा एक दोष आढळला. मृत्यूंच्या नोंदी तीन वेगवेगळ्या वह्यांत ठेवल्या जात आणि तिन्हींतील आकडे एकमेकांशी जुळत नसत. आजारांची नावेही सर्वत्र सारखी नव्हती. किती माणसे कशाने मेली हेच ठाऊक नसेल, तर मृत्यू टाळण्याचे उपाय ठरवता येणार नाहीत, हा त्यांच्या पुढील कार्याचा पाया ठरला.

सांख्यिकीय कार्य

युद्धावरून परतल्यावर त्यांनी महानिबंधक कार्यालयातील संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्या साहाय्याने लष्करी मृत्यूंचे विश्लेषण केले. आरंभी उपासमार व अतिश्रम यांना त्या मुख्य कारण मानत होत्या. आकड्यांच्या अभ्यासानंतर त्यांनी आपले मत बदलले आणि अस्वच्छतेला अग्रक्रम दिला. शांततेच्या काळातही ब्रिटनमधील तरुण सैनिकांचा मृत्युदर त्याच वयाच्या नागरिकांच्या जवळजवळ दुप्पट असल्याचे त्यांनी दाखवून दिले. हा निष्कर्ष मंत्र्यांना एका दृष्टिक्षेपात समजावा म्हणून त्यांनी वर्तुळाच्या पाकळ्यांसारखी आकृती तयार केली. तिच्यात प्रत्येक महिन्यातील मृत्यू कारणांनुसार वेगवेगळ्या रंगांत दाखवले होते. १८५८ मध्ये लंडनच्या सांख्यिकी संस्थेने त्यांना सदस्यत्व दिले. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत्या.

१८६० मध्ये लंडनला भरलेल्या आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषदेपुढे त्यांनी सर्व रुग्णालयांसाठी एकसमान नमुन्यांची योजना मांडली. दाखल झालेले, बरे झालेले, मरण पावलेले व शिल्लक राहिलेले रुग्ण, त्यांचे वय, आजार आणि रुग्णालयातील वास्तव्याचे दिवस यांची नोंद सर्वांनी एकाच पद्धतीने करावी, असा त्यांचा आग्रह होता. परिषदेने योजना मान्य केली व लंडनमधील काही रुग्णालयांनी ती वापरूनही पाहिली. मात्र नमुने भरण्यास लागणारा वेळ व खर्च आणि आजारांच्या वर्गीकरणाविषयीचे मतभेद यांमुळे ती टिकली नाही.

१८६३ मध्ये त्यांनी ब्रिटिश वसाहतींमधील स्थानिक लोकांच्या शाळा व रुग्णालये यांविषयी एक पाहणी सादर केली. त्यासाठी वसाहत खात्यामार्फत छापील नमुने पाठवण्यात आले होते. अनेक ठिकाणांहून अपुरी माहिती आली. उपलब्ध आकड्यांवरून काढता येतील तेवढेच निष्कर्ष त्यांनी काढले आणि नोंदींमधील उणिवा हाही पाहणीचा एक निष्कर्ष म्हणून मांडला.

भारतातील कार्य

१८५७ च्या उठावानंतर भारतातील ब्रिटिश सैनिकांची संख्या वाढवण्यात आली. त्यांच्या आरोग्याच्या चौकशीसाठी १८५९ मध्ये रॉयल कमिशन नेमण्यात आले. त्या काळी स्त्रीला अशा आयोगाचे सदस्य होता येत नसे, तरी कामाची मुख्य सूत्रे नाइटिंगेल यांच्याकडे होती. भारतातील लष्करी ठाण्यांना पाठवायची प्रश्नावली त्यांनी तयार केली. पाण्याचा स्रोत, गटारे, बराकींतील जागा, आहार, मद्यपान, रुग्णालयाची रचना आणि आजारांच्या नोंदी यांविषयी त्यात प्रश्न होते. आलेली उत्तरे त्यांनी विल्यम फार व डॉ. जॉन सदरलंड यांच्यासह तपासली. क्रिमियात झालेल्या तापानंतर त्यांची प्रकृती खालावली होती, त्यामुळे हे बहुतेक काम त्यांनी खोलीत पडून केले.

१८६३ मध्ये प्रसिद्ध झालेला अहवाल दोन हजारांहून अधिक पानांचा होता. भारतातील ब्रिटिश सैनिकांचा वार्षिक मृत्युदर हजारी ६९ असल्याचे त्यात दिसून आले. यांतील बहुतेक मृत्यू लढाईत नव्हे, तर ताप, हगवण, यकृताचे विकार व पटकी यांनी झाले होते. भारताचे हवामानच घातक आहे, हा प्रचलित समज नाइटिंगेल यांनी नाकारला आणि दूषित पाणी, सांडपाणी व गर्दी यांकडे बोट दाखवले. अहवालाच्या स्वस्त आवृत्तीतून ठाण्यांची उत्तरे व नाइटिंगेल यांची निरीक्षणे वगळण्यात आली, तेव्हा त्यांनी खटपट करून ती वाचकांपर्यंत पोहोचवली. माहिती जुनी असल्याचा आक्षेप भारतातील अधिकाऱ्यांनी घेतला आणि त्यावरून दीर्घ वाद झाला.

व्हाइसरॉय जॉन लॉरेन्स यांच्या कारकिर्दीत १८६४ मध्ये बंगाल, मद्रास व मुंबई या तीन इलाख्यांत स्वच्छता आयोग स्थापन झाले. पुढे स्वच्छता आयुक्तांचे वार्षिक अहवाल नियमितपणे निघू लागले व त्यांत नागरी लोकसंख्येच्या जन्म-मृत्यूंचे आकडेही येऊ लागले. इंग्लंडमध्ये हे अहवाल नाइटिंगेल बारकाईने वाचत. भारतातील ब्रिटिश सैनिकांचा मृत्युदर हजारी १८ पर्यंत उतरल्याचे त्यांनी १८७३ मधील एका निबंधात नमूद केले.

सैनिकांचा मृत्युदर मोजणे तुलनेने सोपे होते, कारण प्रत्येक सैनिकाचे नाव हजेरीपटावर असे. खेड्यातील माणसाच्या मृत्यूची नोंद मात्र गावकामगारांवर अवलंबून असे व मृत्यूचे कारण ठरवण्यासाठी वैद्य क्वचितच उपलब्ध असे. तापाच्या सदरात अनेक निरनिराळे आजार एकत्र होत. १८७० नंतर, विशेषतः दख्खन व मद्रास भागातील १८७६-७८ च्या दुष्काळानंतर, नाइटिंगेल यांचे लक्ष छावण्यांकडून खेड्यांकडे वळले. पाटबंधारे, शेतसारा, सावकारी कर्ज आणि आरोग्य हे प्रश्न परस्परांशी जोडलेले आहेत, असे त्या मांडू लागल्या.

महाराष्ट्राशी संबंध

ग्रामस्वच्छतेच्या प्रश्नावर नाइटिंगेल यांचा पुणे सार्वजनिक सभेशी पत्रव्यवहार होता. मुंबई इलाख्यासाठी १८८९ मध्ये ग्रामस्वच्छतेचा कायदा झाला, त्या विषयातही त्यांनी लक्ष घातले होते. गावातून गोळा होणाऱ्या करांतील काही भाग त्याच गावाच्या स्वच्छतेसाठी प्रथम खर्च व्हावा, असे त्यांचे मत होते. मुंबईचे समाजसुधारक बेहरामजी मलबारी यांच्या १८९२ मधील चरित्राला त्यांनी प्रस्तावना लिहिली. १८९४ मध्ये बुडापेस्ट येथील आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेसाठी त्यांनी भारतातील ग्रामस्वच्छतेवर निबंध पाठवला.

इतर कार्य आणि अखेरचे दिवस

१८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या निधीतून परिचारिका प्रशिक्षण शाळा सुरू झाली. प्रसूतिगृहांतील मातामृत्यूंविषयीच्या १८७१ च्या पुस्तकात त्यांनी घरगुती प्रसूतींच्या तुलनेत तेथील मृत्यू अधिक असल्याचे दाखवले. १८९१ मध्ये त्यांनी फ्रान्सिस गॉल्टन यांच्यासह ऑक्सफर्ड येथे उपयोजित सांख्यिकीचे अध्यासन स्थापण्याचा प्रयत्न केला. शासनाकडे आकडे भरपूर जमा होतात, पण ते वापरण्याचे शिक्षण राज्यकर्त्यांना मिळत नाही, अशी त्यामागची भूमिका होती. हा प्रयत्न सफल झाला नाही.

१९०७ मध्ये त्यांना ऑर्डर ऑफ मेरिट हा सन्मान मिळाला. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत्या. १३ ऑगस्ट, १९१० रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले. हॅम्पशायरमधील ईस्ट वेलो येथे त्यांचे दफन करण्यात आले.

मूल्यमापन

नाइटिंगेल यांच्या कार्याला मर्यादाही होत्या. रोग दूषित हवेतून उद्भवतात, या जुन्या कल्पनेवर त्यांचा दीर्घकाळ विश्वास होता आणि जंतुसिद्धान्त त्यांनी उशिरा स्वीकारला. भारतातील सैनिकांच्या मृत्युदरातील घट केवळ स्वच्छतेमुळे झाली की इतर कारणांनीही, हे निश्चितपणे वेगळे करता येत नाही. त्यांची भारतविषयक माहिती अहवाल, पत्रे व भेटीस येणाऱ्या व्यक्ती यांवर आधारलेली होती. असे असले तरी एकसमान नमुने, आजारांचे समान वर्गीकरण, नियमित वार्षिक अहवाल आणि आकड्यांचा धोरणासाठी वापर या त्यांच्या मागण्या आजच्या राष्ट्रीय आरोग्य माहिती प्रणालींचाही आधार आहेत. त्यांचा जन्मदिवस, १२ मे, आंतरराष्ट्रीय परिचारिका दिन म्हणून साजरा केला जातो.