गिरणीतून वर्गाकडे : विक्रम साराभाईंचे व्यवस्थापनकार्य

डॉ. विक्रम साराभाई यांचे नाव घेताच थुंबा आणि अग्निबाण आठवतात. देशातील व्यवस्थापनशिक्षणाचा पाया घालणाऱ्यांतही ते अग्रणी होते, याचे स्मरण मात्र क्वचितच होते.

अहमदाबादच्या गिरणीमालक घराण्यात १२ ऑगस्ट १९१९ रोजी त्यांचा जन्म झाला. केंब्रिजमध्ये शिकून महायुद्धामुळे ते मायदेशी परतले आणि बंगळूर येथे सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या मार्गदर्शनाखाली विश्वकिरणांच्या संशोधनात रमले. १९४७ मध्ये डॉक्टरेट मिळवून आल्यावर त्यांनी अहमदाबादेत भौतिकी संशोधन प्रयोगशाळा उभी केली. त्याच वर्षी गिरण्यांसाठी ‘अटिरा’ ही संशोधन संस्थाही आकाराला आली.

‘अटिरा’त केवळ सूत आणि कापूस यांचीच परीक्षा होत नसे. कामगाराचे मन, मुकादमाशी असलेले त्याचे नाते हेही तेथे अभ्यासाचे विषय ठरले. मानसशास्त्रज्ञ कमला चौधरी यांनी या कामाची धुरा वाहिली. साराभाई कुटुंबाच्या कॅलिको मिलमध्ये १९५३ मध्ये ब्रिटिश संशोधक ए. के. राइस यांनी मागांवरील कामगारांचे छोटे गट बांधले. गटानेच आपल्या कामाची जबाबदारी घेतल्यावर उत्पादन वाढले आणि खराब कापडाचे प्रमाण घटले.

भारतीय व्यवस्थापन संस्थेची कल्पना पुढे आली, तेव्हा पश्चिम भारतासाठी मुंबईचे नाव प्रथम चर्चेत होते. साराभाई, उद्योगपती कस्तुरभाई लालभाई आणि मुख्यमंत्री जीवराज मेहता यांच्या प्रयत्नांमुळे ती अहमदाबादला मिळाली. ११ डिसेंबर १९६१ रोजी संस्था स्थापन झाली. साराभाई तिचे पहिले मानद संचालक झाले. फोर्ड फाउंडेशनचे अर्थसाहाय्य लाभले. हार्वर्डकडून प्रत्यक्ष उद्योगांतील प्रसंगांच्या आधारे शिकवण्याची पद्धत आली.

पद्धत परकी असली, तरी प्रसंग इथलेच हवेत, हे उघड होते. त्यासाठी अध्यापकाने शिकवावे, संशोधन करावे आणि उद्योगांना सल्लाही द्यावा, असा त्रिविध आग्रह संस्थेत रुजला. शेती व सहकाराच्या व्यवस्थापनाचा अभ्यास पहिल्या दशकातच सुरू झाला. १९६५ मध्ये रवी मथाई यांच्याकडे पूर्णवेळ सूत्रे आली. अध्यापकांच्या स्वायत्ततेची परंपरा त्यांनी दृढ केली. पुढे १९७५ मध्ये मथाई राजस्थानातील जवाजा येथे ग्रामीण कारागिरांसोबत प्रयोगासाठी गेले.

३० डिसेंबर १९७१ रोजी कोवळम येथे साराभाईंचे अकाली निधन झाले. वय अवघे ५२ वर्षांचे होते. आज व्यवस्थापनाचे संशोधन विदाविश्लेषण, कृत्रिम बुद्धिमत्ता आणि पर्यावरण यांकडे वळले आहे. शोधनिबंध परदेशी नियतकालिकांत छापून येण्यास मोठी प्रतिष्ठा आहे. अशा वेळी लघुउद्योग, शेती, सरकारी रुग्णालये व शाळा यांचे प्रश्न अभ्यासकाच्या टेबलावरून दूर सरकण्याचा धोका असतो. साराभाईंचा मार्ग नेमका उलट होता. त्यांच्या संशोधनाची वाट गिरणीच्या मागापासून सुरू झाली आणि मगच वर्गात पोहोचली. व्यवस्थापनशिक्षणाला पुढची दिशा शोधायची असेल, तर ही वाट अजूनही मोकळी आहे.