हजरत अली (र.) : दुसऱ्याच्या वतीने कुर्बानी करणारे अमानतदार

ईदुल अजहा जवळ आली की मानखुर्द आणि गोवंडीकडून देवनारच्या बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यांवर पाय ठेवायला जागा उरत नाही. १९७१ साली वांद्र्याऐवजी देवनार येथे महानगरपालिकेचा कत्तलखाना सुरू झाला आणि तेव्हापासून मुंबईच्या मुसलमानांच्या दृष्टीने बकरी ईद आणि देवनार हे दोन शब्द एकत्रच उच्चारले जाऊ लागले. राजस्थान, मध्य प्रदेश, गुजरात, उत्तर प्रदेश येथून व्यापारी बकरे घेऊन येतात. वडील मुलाचा हात धरून फिरतात, बकऱ्याचे दात पाहतात, भाव करतात.

या गर्दीत स्वतःसाठी न आलेली माणसेही पुष्कळ असतात. कोणाच्या भावाने आखाती देशातून पैसे पाठवलेले असतात. कोणाला मरहूम आईच्या नावाने कुर्बानी करायची असते. कोणी शेजारच्या अंथरुणाला खिळलेल्या वृद्धासाठी आलेला असतो. कोणी मोहल्ल्यातील सात नावे एका कागदावर लिहून मोठ्या जनावराचे हिस्से जमवत असतो. महाराष्ट्रात गाय, बैल व वळू यांच्या कत्तलीस २०१५ पासून कायद्याने बंदी असल्यामुळे येथे मोठे जनावर म्हणजे म्हैस किंवा रेडाच होय.

दुसऱ्याच्या वतीने काम करण्यास शरीअतमध्ये वकालत म्हणतात आणि दुसऱ्याची वस्तू सांभाळण्यास अमानत म्हणतात. कुर्बानीची व्यवस्था करणाऱ्याच्या माथी ही दोन्ही ओझी असतात. पैसे घेतले, पण कुर्बानी झाली की नाही हे शेवटपर्यंत कळले नाही, अशी तक्रार आपल्या वस्त्यांत कधी कधी कानावर येते. म्हणून या वर्षीच्या स्मरणिकेत आम्ही अशा एका थोर पुरुषाचे चरित्र सांगण्याचे ठरवले, ज्यांचे सारे आयुष्य दुसऱ्याची अमानत पोहोचवण्यात गेले. ते म्हणजे हजरत अली (र.).

बालपण

हजरत अलींचा जन्म मक्केत इ.स. ६०० च्या सुमारास झाला. वडील अबू तालिब हे कुरैश कबिल्यातील बनू हाशिम घराण्याचे प्रमुख. आई फातिमा बिन्त असद. पैगंबर मुहम्मद (स.) हे अबू तालिब यांचे पुतणे. लहानपणीच पोरके झालेल्या पैगंबरांना अबू तालिब यांनी आपल्या घरात वाढवले होते. पुढे मक्केत दुष्काळ पडला आणि अबू तालिब यांना मोठे कुटुंब पोसणे जड जाऊ लागले. तेव्हा पैगंबरांनी चुलत्याचा भार हलका करण्यासाठी छोट्या अलींना आपल्या घरी आणले. एका पिढीने केलेले उपकार दुसऱ्या पिढीने असे फेडले.

पैगंबरांना प्रेषितत्व मिळाले तेव्हा अली सुमारे दहा वर्षांचे होते. सर्वांत आधी इस्लाम स्वीकारणाऱ्यांत त्यांची गणना होते. ज्या वयात मुले खेळात दंग असतात, त्या वयात त्यांनी एक बाजू निवडली आणि मरेपर्यंत ती सोडली नाही.

पहिली अमानत

इ.स. ६२२ मध्ये मक्केच्या सरदारांनी पैगंबरांच्या जिवावर उठण्याचा कट केला आणि पैगंबर मदीनेस निघाले. परंतु एक अडचण होती. मक्केचे लोक पैगंबरांशी वैर करीत, तरीही आपल्या मौल्यवान ठेवी त्यांच्याकडेच ठेवीत, कारण त्यांच्याइतका विश्वासू मनुष्य गावात दुसरा नव्हता. या ठेवी बुडवून जाणे पैगंबरांना मान्य नव्हते. हे काम त्यांनी अलींवर सोपवले. त्या रात्री तरुण अली पैगंबरांच्या बिछान्यावर झोपले. बाहेर मारेकरी उभे होते. सकाळ झाली, मारेकरी फसले. अली तीन दिवस मक्केत राहिले, प्रत्येकाची ठेव ज्याची त्यास परत केली आणि मग पायी मदीनेची वाट धरली. कुबा येथे ते पोहोचले तेव्हा त्यांचे पाय सुजलेले होते.

येथे एक गोष्ट विद्यार्थ्यांनी मनात धरावी. त्या ठेवी शत्रूंच्या होत्या. शत्रूची ठेव आहे म्हणून ती परत न करण्याची मुभा त्यांनी घेतली नाही.

हुदैबिया आणि सात हिस्से

मदीनेत हिजरी २ मध्ये पैगंबरांची कन्या हजरत फातिमा (र.) यांच्याशी अलींचा विवाह झाला. घरात श्रीमंती नव्हती. आपले चिलखत विकून त्यांनी महर दिला असे रिवायतींत येते. हसन, हुसैन, जैनब आणि उम्मे कुलसूम ही त्यांची मुले. बदर, खंदक आणि खैबर येथील त्यांचे शौर्य सर्वांना ठाऊक आहे, म्हणून त्याचा विस्तार करीत नाही.

हिजरी ६, म्हणजे इ.स. ६२८ मध्ये पैगंबर उमरा करण्यासाठी निघाले. बरोबर कुर्बानीची जनावरे होती. मक्केच्या लोकांनी हुदैबिया येथे वाट अडवली आणि तेथे तह झाला. तहनामा लिहिण्याचे काम अलींकडे होते. पैगंबरांच्या नावापुढील अल्लाहचा प्रेषित हे शब्द खोडावेत असा कुरैशच्या प्रतिनिधीने हट्ट धरला, तेव्हा ते शब्द खोडण्यास अलींचा हात धजेना. शेवटी पैगंबरांनी ते स्वतः खोडले.

काबागृहापर्यंत न जाता परतावे लागणार म्हणून सहाबी इतके खिन्न झाले की कुर्बानीसाठी कोणी जागचे उठेना. हजरत उम्मे सलमा (र.) यांनी सल्ला दिला की पैगंबरांनी कोणाशी न बोलता आधी आपली कुर्बानी करावी. त्यांनी तसे केले आणि मग सारे उठले. त्या वेळी एक उंट सात जणांच्या वतीने आणि एक गाय सात जणांच्या वतीने कुर्बान करण्यात आली. मोठ्या जनावरात सात हिस्से करण्याची आपल्या मोहल्ल्यातील रीत या हुदैबियाच्या मैदानापर्यंत जाऊन पोहोचते.

मिना येथील ढंढोरा

हिजरी ९ मध्ये हजरत अबू बकर (र.) हाजींचे प्रमुख म्हणून मक्केस गेले. पाठोपाठ पैगंबरांनी अलींना पाठवले. जुन्या करारांविषयी जाहीर घोषणा करायची होती आणि अरबांच्या रिवाजाप्रमाणे अशी घोषणा करार करणाऱ्याने स्वतः किंवा त्याच्या निकटच्या आप्ताने करावी लागे. कुर्बानीच्या दिवशी मिना येथे अलींनी ती घोषणा केली. कारवाँचे नेतृत्व अबू बकर यांच्याकडेच होते. अली सांगितलेला निरोप पोहोचवण्यास आले होते आणि तेवढेच करून थांबले. वकिलाने आपल्या अधिकाराची सीमा ओळखावी, हा धडा येथे मिळतो.

शंभर उंट

हिजरी १०, म्हणजे इ.स. ६३२ मध्ये पैगंबरांनी आपली अखेरची हज केली. अली तेव्हा येमेनमध्ये कामगिरीवर होते. ते तेथून कुर्बानीचे उंट घेऊन थेट मक्केस आले. हजची नियत कोणती केली असे पैगंबरांनी विचारले, तेव्हा जी आपली नियत तीच माझी, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले.

एकूण शंभर उंट होते. त्यांपैकी ६३ पैगंबरांनी स्वतःच्या हाताने कुर्बान केले. उरलेले ३७ त्यांनी अलींच्या हाती दिले आणि त्यांना आपल्या कुर्बानीत सहभागी करून घेतले. प्रत्येक उंटाचा एकेक तुकडा एका हंडीत शिजवण्यात आला. दोघांनी त्यातील मांस खाल्ले व रस्सा प्याला.

यानंतर जी आज्ञा अलींना मिळाली ती आपल्या विषयाचा गाभा आहे. मांस, कातडी आणि उंटांवरील झुली, सारे खैरात करावे असे त्यांना सांगण्यात आले. कसायाची मजुरी मात्र यातून द्यायची नव्हती, ती वेगळी आपल्याकडून द्यायची होती. देवनारला आज कोणी कसायाला मजुरीऐवजी कातडे किंवा मुंडी घेऊन जा म्हणतो, तेव्हा त्याने ही हकीकत आठवावी. जे अल्लाहच्या नावाने दिले त्यातून आपले देणे भागवता येत नाही. कसायाला भेट किंवा खैरात म्हणून मांस देण्यास हरकत नाही, पण मजुरी रोख आणि वेगळी हवी.

मरहूमांच्या वतीने

त्याच वर्षी पैगंबरांचे निधन झाले. गुस्ल देण्याचे कार्य अली आणि घरच्या आप्तांनी केले. पुढे कूफा येथे राहत असताना अली दोन मेंढे कुर्बान करताना दिसले अशी एक रिवायत आहे. एक स्वतःच्या वतीने आणि दुसरा पैगंबरांच्या वतीने, कारण तशी वसीयत त्यांना झाली होती. ही रिवायत अबू दाऊद आणि तिर्मिजी यांच्या संग्रहांत आहे. तिची सनद कमजोर असल्याचे अनेक मुहद्दिस सांगतात, हेही प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे.

मरहूमांच्या नावे कुर्बानी करण्याविषयी आलिमांत मतभेद आहे. हनफी मताप्रमाणे ती करता येते. मरहूमाने वसीयत केली असेल तर ते सारे मांस गरिबांना द्यावे लागते. वसीयत नसताना मुलाने आपल्या खुशीने केली तर घरच्यांनी खाण्यास हरकत नाही. शाफई मताप्रमाणे मात्र मरहूमाची वसीयत असावी लागते. आपल्या मुंबईत हनफी बंधू आहेत तसे शाफई मताचे कोकणी मुसलमानही आहेत. एकाच चाळीत दोन रीती दिसल्या तर त्यावरून वाद घालू नये, आपापल्या आलिमांना विचारावे. हयात माणसाच्या वतीने कुर्बानी करताना त्याची परवानगी घेण्याची खबरदारी मात्र सर्वांनीच घ्यावी.

खलीफा अली

पहिल्या तीन खलीफांच्या काळात अली न्यायनिवाड्यात सल्ला देत. हजरत उमर (र.) कठीण प्रश्नांत त्यांच्या मताला मोठा मान देत असत. इ.स. ६५६ मध्ये ते स्वतः खलीफा झाले. तो काळ आपसांतील लढायांचा होता. त्यांनी कूफा ही राजधानी केली. आपल्या हरवलेल्या चिलखतावर हक्क सांगण्यासाठी खलीफा असूनही ते काजी शुरैह यांच्यासमोर उभे राहिले आणि पुरेसे साक्षीदार नसल्याने निकाल विरुद्ध गेला तो त्यांनी मान्य केला, अशी कथा प्रसिद्ध आहे. अरबी व्याकरणाची पहिली सूत्रे अबुल अस्वद दुअली यांनी त्यांच्याच मार्गदर्शनाने मांडली असे परंपरा मानते. इल्म आणि अमानत या दोन्ही गोष्टी त्यांच्या ठायी एकत्र नांदत होत्या.

हिजरी ४०, म्हणजे इ.स. ६६१ च्या रमजानमध्ये कूफाच्या मशिदीत इब्ने मुल्जिम याने त्यांच्यावर विषारी तलवारीचा वार केला आणि दोन दिवसांनी त्यांचे निधन झाले. नजफ येथील त्यांच्या मजारीवर आजही जगभरातून लोक येतात.

आपल्यासाठी

या चरित्रातून कुर्बानीची व्यवस्था करणाऱ्याने काय घ्यावे? ज्याच्या नावाने पैसे घेतले त्याचे नाव लिहून ठेवावे. किती पैसे आले, जनावर कितीला पडले, मजुरी आणि वाहतूक किती झाली, हे दाखवावे. शिल्लक राहिली तर परत करावी. सातांच्या हिश्शांत मांस अंदाजाने न वाटता तोलून वाटावे. परदेशातील बंधूच्या वतीने करायची असेल तर तेथील आणि येथील ईदची तारीख वेगळी असू शकते, म्हणून दिवस आधी आलिमांना विचारून ठरवावा. कुर्बानी झाली की ताबडतोब कळवावे. २०२० मध्ये महामारीमुळे बाजार बंद राहिला, तेव्हा अनेकांना दूरच्या माणसांवर विसंबावे लागले. विश्वास हीच खरी पुंजी आहे हे त्या वर्षी पुष्कळांना उमगले.

कातड्यांच्या पैशावर आपल्या समाजातील मदरसे आणि गरीब विद्यार्थी वर्षानुवर्षे शिकत आले. अलीकडे कातड्याचे भाव फार उतरले असले तरी नियम उतरलेला नाही. कुर्बानीचे कातडे विकून आलेला पैसा आपल्या खिशात घालता येत नाही. तो गरजूंचा आहे. शिष्यवृत्तीसाठी कोणी चार रुपये दिले, तर तेही अमानतच होय. ते घेणारी संस्था आणि त्यावर शिकणारा विद्यार्थी, दोघेही त्या दात्याचे वकील आहेत. संस्थेने हिशेब चोख ठेवावा आणि विद्यार्थ्याने अभ्यास चोख करावा.

पालकांना एवढीच विनंती की या ईदला देवनारच्या बाजारातून येताना मुलांना सुजलेल्या पायांनी मदीनेस पोहोचलेल्या त्या तरुणाची गोष्ट सांगावी. दुसऱ्याचे देणे त्याच्या हाती पोहोचवून मगच आपल्या वाटेला लागण्याची सद्‌बुद्धी अल्लाह आपणा सर्वांस देवो. आमीन.