दार लावून जग पाहिलेला चाळीसगावचा माणूस

दीपनगरच्या वसाहतीत काय, फेकरीत काय, वरणगावात काय, गणपतीच्या दिवसांत नाहीतर शाळेच्या स्नेहसंमेलनाला चार टेबले लावली जातात. वर धुतलेली चादर. तिच्यावर गावातल्या लोकांनी हाताने केलेल्या वस्तू. कुणाचे मातीचे बैल, कुणाची काचा लावलेली पिशवी, कुणाचा क्रोशाचा रुमाल, कुणी लाकडातून कोरलेला गणपती. लोक येतात, छान केलंय म्हणतात आणि पुढे सरकतात. संध्याकाळी सगळे पुन्हा पिशवीत भरून घरी जाते, ते पुढल्या वर्षीच बाहेर निघते.

अशा एका टेबलावरच आपले सगळे आयुष्य मांडणारा माणूस आपल्याच जिल्ह्यात होऊन गेला. त्यांचे नाव केकी मूस. चाळीसगावचे लोक त्यांना कलामहर्षी म्हणतात. दीपनगरहून त्यांचे गाव फार लांब नाही. भुसावळला मुंबईकडची गाडी धरली की जळगाव, पाचोरा, कजगाव मागे पडते आणि चाळीसगाव येते. धुळ्याचा रेल्वे फाटा इथूनच फुटतो. स्टेशनाजवळच मूसांचा दगडी बंगला आहे.

दुकान आईने सांभाळले

केकी यांचा जन्म २ ऑक्टोबर १९१२ चा, मुंबईतल्या पारशी कुटुंबातला. चाळीसगावला घरचा सोडावॉटरचा कारखाना आणि मद्याचे दुकान होते. शिक्षण मुंबईला विल्सन कॉलेजात झाले. एकुलत्या पोराने गल्ल्यावर बसावे, ही वडिलांची इच्छा. पोराचे मन मात्र रंगात आणि ब्रशात. आपल्याकडे घरोघरी हाच तंटा असतो, नाही का? बाप शेताकडे बोट दाखवतो आणि पोरगं भिंतीवर चित्रं काढतं.

वडील गेले आणि प्रश्न उभा राहिला, की आता धंदा कोणी बघायचा. इथे त्यांची आई पिरोजाबाई पुढे झाली. दुकान तिने अंगावर घेतले आणि १९३५ साली मुलाला इंग्लंडला धाडले. त्या काळी तालुक्याच्या गावात एका विधवा बाईने हे करणे म्हणजे चेष्टा नव्हती. केकी मूस यांच्याबद्दल लिहिताना या माउलीला आधी हात जोडले पाहिजेत.

शेफिल्डच्या बेनेट कॉलेजातून त्यांनी कमर्शियल आर्टची पदविका घेतली. फोटोग्राफी त्याच शिक्षणात हाती आली. बाहेरचे देश बघून १९३८ साली ते परत आले. आता हा माणूस मुंबईत स्टुडिओ थाटणार, नाव आणि पैसा मिळवणार, असे कुणालाही वाटले असते. मूस चाळीसगावला आले आणि दार लावून घेतले. पुढची जवळजवळ पन्नास वर्षे ते त्या बंगल्यातच राहिले.

टेबलावरचा हिमालय

का कोंडून घेतले? गावात एक गोष्ट सांगतात. मुंबईच्या एका मुलीवर त्यांचे प्रेम होते. लग्न झाले नाही, पण एक दिवस पंजाब मेलने येईन असा शब्द तिने दिला होता म्हणे. रोज रात्री ती गाडी जाईपर्यंत बंगल्यात दिवे लागलेले असत, दार-खिडक्या उघड्या असत आणि जेवणाचे ताट दोघांचे वाढलेले असे. योगायोग पाहा, पंजाब मेल सुरू झाली तीही १९१२ सालीच. गोष्ट ऐकणाऱ्याचा जीव हळहळतो. पण त्या माणसाला समजून घ्यायचे तर गोष्टीपाशी थांबून चालत नाही. वाट रात्री पाहिली असेल, दिवसभर मात्र ते काम करीत होते.

त्यांचे नाव झाले ते टेबलटॉप फोटोग्राफीने. म्हणजे काय, ते साध्या भाषेत सांगतो. फोटो काढायला डोंगरावर किंवा समुद्रावर जायचेच नाही. घरातल्या टेबलावर ते दृश्य उभे करायचे. कापूस, वाळू, काटक्या, कागद, काच असल्या वस्तूंतून झाड, वाट, झोपडी, बर्फ तयार करायचे. मग दिवा कुठून धरायचा, सावली किती लांब पडली पाहिजे, कॅमेरा किती खाली ठेवायचा, याचा हिशेब करायचा. काटकी झाडाएवढी दिसली पाहिजे आणि मूठभर भुकटी मैलभर बर्फ वाटली पाहिजे. एक धागा जरी जागचा हलला तरी सोंग उघडे पडते. आधी सुतारकी, मग रंगकाम, मग दिव्याचे काम, आणि फोटो सगळ्यात शेवटी.

म्हणून मूस हे नुसते फोटोग्राफर नव्हते. ते चित्रे काढीत, मातीत मूर्ती घडवीत, लाकूड कोरीत, कागदाच्या घड्यांतून आकार करीत. सतार आणि बुद्धिबळ हेही होतेच. बंगल्याला त्यांनी नाव दिले ‘रेम्ब्रांट्स रिट्रीट’. रेम्ब्रांट हे हॉलंडचे सतराव्या शतकातले चित्रकार, काळोखातून उजेड बाहेर काढण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. मूसांचा गुरू कोण, ते यावरून कळते.

त्यांचे फोटो मात्र घर सोडून देशोदेशी फिरले. मिळालेली देशी-परदेशी पारितोषिके तीनशेच्या आसपास सांगतात. पंडित नेहरू चाळीसगावला आले तेव्हा हा माणूस बाहेर पडत नाही असे कळल्यावर तेच बंगल्यावर गेले, अशी आठवण गावात आहे. विनोबांचा फोटो काढायला मात्र मूस स्वतः घराबाहेर पडले होते, असेही सांगतात. ३१ डिसेंबर १९८९ रोजी, वयाच्या ७७ व्या वर्षी, त्याच बंगल्यात त्यांचा शेवट झाला.

घर राहिले म्हणून

माणूस गेल्यावर अशा घरांचे काय होते, हे आपण गावोगावी पाहतो. सामान भंगारात, कागद वाळवीला आणि जागा बिल्डरला. चाळीसगावात तसे झाले नाही. लोकांनी वस्तू राखल्या आणि बंगल्याचे कलादालन केले. फोटो, चित्रे, मूर्ती, लाकूडकाम, ज्या घरात घडले त्याच घरात आज पाहायला मिळते. लंडनमधल्या माणसाने जे आधी पाहिले, ते पाचोऱ्याचा पोरगा आता पाहू शकतो.

एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलली पाहिजे. मूसांना छप्पर होते, घरचा धंदा होता, आणि तो चालवणारी आई होती. आपली कला बाजारात उभी करण्याची पाळी त्यांच्यावर आली नाही. पोळ्याला बैल करणारा कुंभार, भुलाबाई घडवणारी त्याची घरवाली, तांड्यावर आरशाचे टाके घालणारी बंजारा बाई यांना ती सवलत नाही. त्यांची वस्तू त्याच आठवड्यात खपली पाहिजे, नाहीतर चूल थंड. शिवाय त्यांची कला टिकतही नाही. भुलाबाई पाण्यात जाते, बैल फुटतो, लुगडे विरते. नाव तर कुठे लिहिलेलेच नसते. हात त्यांचाही तितकाच सरावलेला असतो, मागे उरत नाही एवढेच.

म्हणून मूसांपासून शिकायचे ते दार लावून घेणे नव्हे. ते ज्याचे त्याला लखलाभ. शिकायचे ते दोन गोष्टींत. एक, चांगले काम करायला मुंबई लागत नाही, टेबल आणि चिकाटी पुरते. दुसरी, ते काम उरायला मात्र गाव लागते. कुणीतरी दुकान सांभाळावे लागते, कुणीतरी जागा द्यावी लागते, आणि मागाहून कुणीतरी धूळ पुसावी लागते.

दीपनगरला काय, फेकरीला काय, एखादी खोली निघणे अवघड नाही. समाजमंदिराची एक भिंत, शाळेतले एक कपाट, ग्रामपंचायतीचा एक कोपरा. वर्षातून दोन दिवसांऐवजी तिथे बाराही महिने गावच्या हाताचे काम राहू द्या, आणि प्रत्येक वस्तूखाली करणाऱ्याचे नाव लिहा. पोळा संपल्यावर एक बैल तरी न फुटता तिथे उभा राहिला पाहिजे.

तोवर एखाद्या रविवारी पोरांना घेऊन चाळीसगाव गाठा. स्टेशनाजवळच्या त्या दगडी बंगल्यात कापसाचा बर्फ आणि काटकीचे झाड दाखवा. घरी आल्यावर पोराने स्वयंपाकघरातले मीठ टेबलावर सांडले, तर लगेच रागावू नका.