लाटांवरचा ड्यूक

काळी नदी आमच्या जोयडा तालुक्यात उगम पावते आणि कारवारजवळ समुद्राला मिळते. आम्हां नदीकाठच्या मुलांना पाण्याचे भय नाही. पण फळीवर उभे राहून लाटेबरोबर किनाऱ्याला येण्याचा खेळ आपल्याकडे अजून नवाच आहे. या सर्फिंगची जगाला ओळख करून देणाऱ्या ड्यूक काहानामोकूचा परिचय वाचकांस व्हावा, एवढाच या लेखाचा हेतू.

ड्यूक ही त्याची पदवी नव्हती, नावच होते. त्याचा जन्म २४ ऑगस्ट १८९० रोजी हवाई बेटांतील होनोलुलू येथे झाला. घरच्या अडचणींमुळे शाळा अर्धवट सुटली आणि समुद्र हीच त्याची शाळा झाली. कोआ लाकडाची त्याची फळी १६ फूट लांब व सुमारे ५२ किलो वजनाची होती. १९११ मध्ये होनोलुलूच्या बंदरात तो १०० यार्ड अंतर ५५.४ सेकंदांत पोहला, तेव्हा अमेरिकेतील अधिकाऱ्यांचा त्यावर विश्वासच बसेना. पुढल्याच वर्षी स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये १०० मीटरचे सुवर्णपदक जिंकून त्याने त्यांची शंका दूर केली. १९२० मध्ये आणखी दोन सुवर्णपदके आणि १९२४ मध्ये, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, रौप्यपदक त्याने मिळवले.

१९१४ च्या डिसेंबरात सिडनीजवळच्या फ्रेशवॉटर किनाऱ्यावर, तेथेच तयार केलेल्या फळीवरून, त्याने सर्फिंगचे प्रात्यक्षिक दाखवले. पुढे इसाबेल लेथम या १५ वर्षांच्या मुलीलाही त्याने आपल्या फळीवर घेतले. १९२५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ एक बोट उलटली, तेव्हा खवळलेल्या समुद्रात फळीवरून पुन्हा पुन्हा जाऊन त्याने ८ जणांचे प्राण वाचवले.

मी वाणिज्य शाखेत शिकत असल्याने जमाखर्च पाहण्याची सवय जडली आहे. ड्यूकच्या जमेला कीर्ती पुष्कळ, पैसा मात्र बेताचाच. त्या काळी खेळातून पैसा घेणारा ऑलिंपिकमधून बाद होई. त्याचा सहकारी जिम थॉर्प याने पूर्वी बेसबॉल खेळून किरकोळ मोबदला घेतला होता. तेवढ्यावरून १९१३ मध्ये त्याची दोन सुवर्णपदके काढून घेण्यात आली. ज्याच्या घरी सुबत्ता, त्याला हा नियम जड नव्हता. ड्यूकला मात्र पोटासाठी पडेल ते काम करावे लागले. पुढे लोकांनी त्याला होनोलुलूचा शेरीफ म्हणून अनेकदा निवडून दिले. खेळाचे पावित्र्य राखण्याचा सारा खर्च गरीब खेळाडूच्याच नावे पडत होता, असे माझे मत आहे.

२२ जानेवारी १९६८ रोजी ड्यूक वारला. वाइकिकीच्या समुद्रातच त्याची रक्षा विसर्जित केली गेली. त्यानंतर १९७६ मध्ये पुरुषांची व १९७७ मध्ये स्त्रियांची व्यावसायिक जागतिक मालिका सुरू झाली. निरनिराळ्या देशांच्या किनाऱ्यांवर स्पर्धा होतात, पंच प्रत्येक लाटेला १० पैकी गुण देतात आणि हंगामाअखेर जगज्जेते ठरतात. बक्षिसांत मात्र स्त्रिया कित्येक वर्षे मागे राहिल्या. जागतिक सर्फ लीगने २०१९ च्या हंगामापासून दोघांची रक्कम समान केली.

सर्फिंग ऑलिंपिकमध्ये यावे, ही ड्यूकची इच्छा २०२१ मध्ये टोकियोत पूर्ण झाली. तेथे स्त्रियांचे सुवर्णपदक पटकावणारी कॅरिसा मूर होनोलुलूचीच. २०२४ मध्ये आपल्या राज्यात मुलकीजवळच्या ससिहित्लु किनाऱ्यावरही पुरुष व स्त्रिया दोघांच्या राष्ट्रीय स्पर्धा झाल्या. मित्रहो, उद्या आपल्यातील कोणी मुलगा वा मुलगी खेळात पुढे आली, तर केवळ पैशाअभावी तिचे शिक्षण किंवा खेळ सुटू नये. ड्यूकच्या चरित्रापासून आपण एवढा बोध घेतला तरी पुष्कळ झाले.